पहिल्या दिवसाचं पिठलं

आजी, तू गेलीस त्या दुपारी आपल्या घरात सतरा घरांतून पिठलं आलं, आणि भाताचं एक शीतसुद्धा आलं नाही.

हसू नकोस. म्हणजे हस, पण आधी ऐकून घे. तुला पोचवून आम्ही परत आलो, आंघोळी उरकल्या आणि हॉलमध्ये जागा मिळेल तिथे बसलो. तुझी खाट कुणीतरी भिंतीला उभी करून ठेवली होती. त्यामुळे खोली एकदम मोठी झाली होती, चुकून दुसऱ्या कुणाच्या घरी येऊन बसल्यासारखी. मिठागरांवरून वारा येत होता. पडदा फुगायचा, बसायचा. बेल वाजायची, कुणीतरी चपला काढून आत यायचं, न बोलता ओट्यावर डबा ठेवायचं आणि भिंतीला पाठ टेकायचं. मला वाटतं तासभर तरी घरात फक्त डबे ठेवल्याचा आवाज होता.

दोन वाजता मंजिरी उठली. तुझी नातसून म्हणजे काय, दुःख बाजूला ठेवून आधी माणसं मोजणारी. तिनं एकेक झाकण उघडलं. पिठलं. पिठलं. पातळ पिठलं. वडी पाडता येईल इतकं घट्ट पिठलं. जिग्नाबेनचं काचेच्या भांड्यातलं, किंचित गोडसर पिठलं.

"भात कुणी आणलाय?" मंजिरीनं विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"कुणाकडे कुणी गेलं की आजी मला कायम पिठलंच सांगायच्या," जिग्नाबेन म्हणाल्या. "भात तर ते बी-विंगवाले आणतात ना!"

पाटणकर, आपले सेक्रेटरी, घसा साफ करून म्हणाले, "आम्हाला नेहमी भातच असायचा. पण ही म्हणाली, इतकी वर्षं भात नेला, आज आजींसाठी तरी पिठलं करते."

पाटणकरवहिनींना इतकी वर्षं तू भात का सांगत होतीस, ते त्यांचं झाकण उघडल्यावर कळलं. गुठळ्या, आजी. सुपारीएवढ्या. हे गुपित तू कुणालाही न सांगता पोटात ठेवलंस आणि वहिनींना मात्र वर सांगत राहिलीस की, "भात तुझ्यासारखो कोणाक जमत नाय गो."

आपल्या घरी तर चूल पेटवायची नव्हती. वहिनी लगेच उठल्या, "थांबा, मी घरी जाऊन लावते, पंधरा मिनिटांत होतो." तिथे तुझा शहाणा नातू मध्ये पडला. म्हटलं, बसा वहिनी, आजच्या दिवशी कुणाला त्रास नको, मी मागवतो. मोबाईल काढला, ऐटीत. वीस मिनिटांत भात आला. जीरा राईस. तुपातल्या फोडणीचा, वर तळलेला कांदा घातलेला.

डबे उघडले आणि फोडणीचा तो वास सगळ्या घरात पसरला. मग जिग्नाबेनच्या पोटातून गुरगुर असा आवाज आला, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असा. आणि मंजिरी हसली. मग पाटणकर. मग सगळेच हसले, तोंडावर पदर घेऊन, रुमाल घेऊन, आणि हसता हसता रडायला लागले. अशा रीतीनं, आजी, तुझ्या पहिल्या दिवसाला आम्ही जीरा राईस आणि सतरा प्रकारचं पिठलं जेवलो. तू असतीस तर मला उभा चिरला असतास.

कारण फोडणी नाही, हा तुझा पहिला नियम. दुःखाच्या घरी न्यायच्या जेवणाला फोडणी द्यायची नाही. लहानपणी मला वाटायचं हे काहीतरी धर्माचं असेल. एकदा विचारलं तर तू तांदूळ निवडता निवडता म्हणालीस, "वासान भूक लागता रे. आणि आपलो माणूस गेलो हा नि आपल्याक भूक लागली, ह्याची माणसाक लाज वाटता." मग थोड्या वेळानं, सुपातून एक खडा काढून टाकत, "म्हणान इचारूचा नाय. वाढूचा."

तेवढ्या दोन वाक्यांत तू मला जे सांगितलंस ते मी नंतर कुठेही वाचलं नाही. अर्थात मी वाचतो तरी किती, हा तुझा प्रश्न येईलच.

*

या दिवसांत दुपार संपत नाही. ऑफिस नाही, देवळात जायचं नाही, कुणाकडे जायचं नाही. चटईवर पडून राहायचं. पंख्याचा आवाज ऐकता ऐकता झोप लागते ती धड झोप नसते. कुणीतरी कढईत पाणी ओततंय असं वाटतं, तो वारा असतो. तुझ्या वॉकरचे चार पाय फरशीवर टेकल्यासारखं वाटतं, ती खालच्या मजल्यावरची खुर्ची असते. आणि मग तू दिसतेस. पदर खोचलेला, हातात तपेली, तपेलीवर ताट, ताटावर दुसरा हात. तू पुढे चालतेस, मी मागून. स्वप्नात मी लहान नसतो हे विशेष. आता आहे तस्साच असतो, पोट सुटलेला, चष्मा घातलेला, धापा टाकत. तू नव्वदीपलीकडची आणि तरी मला गाठता येत नाहीस. आपण दोघं मिठागरांच्या बांधावरून चालतोय. एका बाजूला मुलुंडच्या इमारती, दुसऱ्या बाजूला मालवणची जेटी. मध्ये पाणी. पाण्यात ढग. मी विचारतो, "आजी, कुणाकडे चाललोय गं?" तू म्हणतेस, "चल. थय गेल्यार कळात."

आणि तिथे पोचायच्या आत कुणीतरी बेल वाजवतं.

तुझ्यासाठी ही दोन गावं कधी वेगळी नव्हतीच, त्यामुळे स्वप्नाला मी दोष देत नाही. लग्न करून तू मालवणहून आलीस ती थेट इथे, आणि इथे येऊन जे केलंस ते मालवणातच राहिल्यासारखं. दादरला जायचं असलं तरी म्हणायचीस, "मुंबैक जाऊन येतंय." मी म्हणायचो, अगं आपण मुंबईतच राहतो. "हे खयची मुंबै?" असं म्हणून खिडकीबाहेर बघायचीस, जणू बाहेर माड आहेत. कुणाच्या घरी आज पाहुणे आहेत, कुणाच्या सुनेला डोहाळे लागलेत, कोण कुणाशी बोलत नाही आणि का, हे तुला दोन्ही विंगचं पाठ. सोसायटीला व्हॉट्सअॅप ग्रुप नंतर आला. त्यात पहिला महिना सगळे एकमेकांना विचारत होते, "हे आजींना माहीत आहे का?"

पहिलं पिठलं तू कुणाकडे नेलंस यावरून आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. मी सगळीकडे सांगतो की तुझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, शेजारच्या खोलीत एक मद्रासी मास्तर वारले, बायको एकटी, भाषा कळेना, आणि तू पिठलंभात घेऊन गेलीस नि दोन तास तिच्याजवळ एक शब्द न बोलता बसलीस. तुझं म्हणणं, मास्तर नव्हता, रेल्वेत होता. मद्रासी नव्हता, कारवारचा होता. आणि एक शब्द न बोलता कशी बसेन, मी काय मुकी?

"तू तिखटमीठ लावतंस," तू म्हणायचीस.

"अगं, पण गोष्ट अशीच चांगली वाटते."

"गोष्ट चांगली वाटूक तो मेलो नाय."

परवा समाचाराला आलेल्या लोकांना मी हीच गोष्ट सांगितली. मास्तर, मद्रासी, मुकेपण, सगळं तिखटमीठ घालून. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी म्हटलं नाही की रेल्वेत होता. तुझ्या खाटेच्या जागेकडे बघून मी थोडा वेळ थांबलोसुद्धा. मग गोष्ट तशीच संपली, आणि मला ती मुळीच चांगली वाटली नाही.

*

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. इतका वेळ इकडचं तिकडचं बोलत होतो ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

दोन वर्षांपूर्वी तू न्हाणीघरात पडलीस. खुब्याचं हाड, ऑपरेशन, आणि डॉक्टर म्हणाले तीन महिने जिना नाही, गर्दी नाही, दगदग नाही. डॉक्टरनं हे तुला सांगितलं होतं, पण ऐकलं मी. मी घराचा जेलरच झालो. दाराला वरची कडी बसवून घेतली, तुझा हात पोचणार नाही अशी. तुझा मोबाईल मी सायलेंटवर ठेवायचो. कुणी भेटायला आलं तर पाच मिनिटांनी घड्याळाकडे बघायचो. मला वाटायचं, किती जपतोय मी आजीला. खरं सांगू? मी घाबरलो होतो. आई लवकर गेली, बाबा गेले, वरच्या पिढीतलं तू एकच उरलेलीस. तू गेलीस की पुढचा मी. ही भीती माणूस बोलून दाखवत नाही, कडी बसवतो.

त्याच दिवसांत एका रविवारी सकाळी बी-विंगमधले अरविंदकाका गेले. झोपेतच. साडेनऊच्या सुमारास त्यांची मुलगी आपल्या दारात आली, डोळे सुजलेले, पायात चपला दोन वेगवेगळ्या. म्हणाली, "दादा, आईनं आजींना बोलवलंय. ती काही ऐकत नाही, नुसती भिंतीकडे बघत बसलीये. म्हणते आजींना बोलवा."

तू आत खाटेवर होतीस. मध्ये फक्त पडदा.

मी दार अर्धवट ओढून घेत म्हटलं, "आजी झोपल्यात गं. औषधानं गुंगी आहे. उठवता येणार नाही."

ती मान हलवून जिना उतरली. मी आत आलो तर तू टक्क जागी.

"कोण गेला रे, बाबल्या?"

"कुणी नाही."

"खाली रडतत ती?"

"कुणी रडत नाही. बी-विंगमध्ये टाकीचं काम चाललंय, त्याचा आवाज."

टाकीचं काम! नव्वदीची बाई, जिनं आयुष्यभर कुणाचं रडणं कसलं आहे ते जिन्यावरून ओळखलं, तिला मी टाकीचं काम सांगितलं. तू माझ्याकडे बघितलंस. मग भिंतीकडे वळलीस. संध्याकाळी मी चहा घेऊन आलो तेव्हा विचारलंस, "टाकीचा काम झाला काय?"

"झालं."

"बरा झाला," तू म्हणालीस, आणि चहा बशीत ओतलास.

चार दिवसांनी मी ऑफिसातून आलो, बूट काढत होतो, तेव्हा तू खाटेवर बसून होतीस, हात मांडीवर. म्हणालीस, "माका ल्हान केलंस तू."

एवढंच. मी विचारलं नाही काय म्हणतेस, आणि तू सांगितलं नाहीस. मंजिरीनं जेवायला हाक मारली. आपण जेवलो. भेंडीची भाजी होती.

त्यानंतर आपण हजार गोष्टी बोललो असू. तीन महिन्यांनी कडी काढली, तू वॉकर घेऊन खाली जायला लागलीस, पुन्हा भात कुणाचा नि पिठलं कुणाचं सांगायला लागलीस. माझ्याशी तू पूर्वीसारखीच वागलीस. पण अरविंदकाकांचं नाव तू माझ्यासमोर कधी काढलं नाहीस, आणि मीही नाही. आणि सुनंदाकाकू, त्यांच्या मिसेस, जिन्यात दिसल्या की मी मोबाईलवर बोलत असल्याचं नाटक करायचो. एकदा तर तो कानाला लावलेला असतानाच वाजला.

माफी मागायला वर्ष होतं, दोन वर्षं होती. मी म्हणायचो, बघू. निवांत एखाद्या दिवशी. मग गेल्या पावसाळ्यानंतर तू खाटेलाच खिळलीस आणि हळूहळू तिकडे निघून गेलीस, मालवणला. दुपारी खिडकीतून मिठागरांचं पाणी चमकताना दिसलं की विचारायचीस, "होडी इली काय?" मंजिरीला कधी आई म्हणायचीस, कधी शेजारची पार्वती. आणि मी दत्तू. तुझा धाकटा भाऊ, जो मी फोटोतसुद्धा पाहिलेला नाही.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. ऊन खाटेच्या पायापर्यंत आलेलं. तू शांत होतीस, डोळे उघडे. मला वाटलं, आता. मी तुझा हात धरला. तो हात म्हणजे कागदात गुंडाळलेल्या चार काड्या, पण ऊबदार. म्हटलं, "आजी, मी खोटं बोललो होतो. अरविंदकाका गेले तेव्हा. माझं चुकलं गं."

तू खूप वेळ माझ्याकडे बघत राहिलीस. मग माझा हात थोपटलास.

"तुजी चूक न्हय ती, दत्तू," तू म्हणालीस. "आवशीक सांगू नको. मी सांगतलंय, मीच फोडलंय म्हणान."

आईपासून लपवावं असं दत्तूनं काय फोडलं होतं कोण जाणे. पंचाऐंशी वर्षांपूर्वीचं एखादं मडकं असेल. त्याचा अपराध तू आपल्या अंगावर घेतलास, इतक्या सहज, आणि डोळे मिटलेस. दत्तूला माफी मिळाली. मी तिथेच बसून राहिलो, हात तुझ्या हातात, नाव भलतंच.

*

म्हणून आजी, या अकरा दिवसांत मी एकाच माणसाची वाट बघत होतो. सुनंदाकाकूंची. दोन्ही विंगमधून सगळे येऊन गेले. मुलुंड पश्चिमेहून आले, ठाण्याहून आले, ज्यांची नावं मला माहीत नाहीत असे आले आणि म्हणाले, "आमच्या आईच्या वेळी आजी आल्या होत्या." काकू आल्या नाहीत. पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या नाही, दहाव्याला नाही. प्रत्येक बेलला मी दाराकडे बघायचो. मला कळत होतं का येत नाहीत. मी त्यांच्या दुःखाच्या दिवशी तुला पाठवलं नाही, त्या माझ्या दुःखाच्या दिवशी का याव्यात? बरोबर आहे त्यांचं, मी चटईवर पडून म्हणायचो. कोर्ट मीच, आरोपी मीच, आणि शिक्षा रोज दुपारी दोन ते चार.

मंजिरीला विचारू शकलो असतो. विचारलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. ते टाकीचं प्रकरण मी तिलाही सांगितलेलं नव्हतं.

शेवटी काल, अकराव्याला, संध्याकाळी मी उठलो. मंजिरी म्हणाली, "कुठे?" म्हटलं, "येतो." बी-विंगचे तीन मजले चढलो. पहिल्या मजल्यावर वाटलं परत जावं. दुसऱ्यावर दम लागला, त्यामुळे विचार करता आला नाही. तिसऱ्यावर बेल दाबली.

काकूंनी दार उघडलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी.

"अरे! तू?"

"काकू, मी बाहेरूनच बोलतो. सुतक आहे, उंबरा ओलांडत नाही."

"उंबरा कुठला आलाय फ्लॅटला? मार्बलची पट्टी आहे ती. ये आत. मीच येणार होते रे उद्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं माझं, कल्याणला लेकीकडे होते पंधरा दिवस. कालच आले. मंजिरीचा फोन आला होता आजी गेल्या त्याच दिवशी, तिनं सांगितलं नाही तुला?"

मी मान हलवली. अकरा दिवस मी ज्या खटल्यात स्वतःला फाशी देत होतो, त्यातल्या मुख्य साक्षीदार कल्याणला डोळ्यात थेंब घालून पडल्या होत्या.

आत गेलो. भिंतीवर अरविंदकाकांचा फोटो. काकूंनी न विचारता पाणी आणलं. मी पाणी प्यायलो नाही. म्हटलं, आधी बोलतो, नाहीतर राहील. आणि सगळं सांगितलं. तू झोपली नव्हतीस. गुंगी नव्हती. पडद्याआड टक्क जागी होतीस. टाकीचं काम. कडी. सगळं, आणि या खेपेला तिखटमीठ न लावता.

काकूंनी ऐकून घेतलं. पट्टी नसलेल्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आणि हे तू दोन वर्षं घेऊन बसलायस?"

"हो."

"अरे देवा!" काकू म्हणाल्या. "अरे, आजी आल्या होत्या."

"कुठे?"

"इथे. चौथ्या दिवशी. तू ऑफिसला गेलास नि त्या आल्या. मंजिरीनं स्टूल घेऊन कडी काढली. तुमचा तो पहिला मजला उतरवला, माझे हे तीन मजले चढवले, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून. एका बाजूनं पाटणकर, दुसऱ्या बाजूनं वॉचमन, मागे मंजिरी. जिग्नाबेन पुढे, लोकांना बाजूला करत, 'हटो हटो' करून. वरात निघाल्यासारखी! दोन्ही विंगची माणसं दारात उभी होती बघायला."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"तुला सोडून सगळ्यांना. मंजिरीनं प्रत्येकाला शपथ घातली होती. म्हणाली, त्याला कळलं तर ऑफिसात हातपाय गळतील त्याचे."

मी खुर्चीवर मागे टेकलो. आजी, म्हणजे त्या संध्याकाळी तू खाटेवर हात मांडीवर ठेवून बसली होतीस ती तीन मजले फिरून आलेली होतीस! आणि पाटणकर दोन वर्षं माझ्याशी पार्किंगबद्दल बोलतात, चेहऱ्यावर रेषही न हलवता. मंजिरीला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. रात्री तिला विचारलं तर म्हणाली, "तू कधी विचारलंस?"

पण ते नंतरचं. तिथे, काकूंसमोर, मला एकच गोष्ट हवी होती. दोन वर्षं जी विचारायची हिंमत झाली नाही ती.

"काकू," मी म्हटलं, "ती माझ्यावर रागावली होती का?"

मला वाटतं मला 'नाही' ऐकायचं होतं. दुःखाच्या घरी लोक 'नाही रे, प्रेमच होतं तुझ्यावर' असंच म्हणतात. मीही अकरा दिवस तेच ऐकत होतो, तू कशी शांत, तू कशी देवमाणूस.

"रागावली?" काकू म्हणाल्या. "पेटली होती! अरे, माझा नवरा गेलेला, मी चार दिवस तोंडात पाणी घेतलेलं नाही, आणि ही बाई खुर्चीतून उतरली ती माझ्याजवळ बसून तासभर तुझ्याच नावानं बोंबा मारत होती. ह्यांच्याबद्दल एक शब्द नाही! 'ह्या मेल्यान माका कोंडून ठेवल्यान! मी काय कोंबडी आसंय, टोपल्याखाली ठेवूक?' आणि काय ते, 'बापाशीक घाबरलंय नाय, घोवाक घाबरलंय नाय, ह्या कालच्या पोराक घाबरू?' पाटणकर दारात उभे होते, त्यांना हसू आवरेना म्हणून ते गॅलरीत गेले. आणि तुझी नक्कल केली रे आजींनी. घड्याळाकडे कसा बघतोस, पोट पुढे काढून दार कसं अडवतोस. जागेवरून उठता येत नव्हतं त्यांना, बसल्या बसल्या केली. मी हसले. चार दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता उचकी लागली, मग पाणी प्यायले, मग रडायला आलं. तोपर्यंत मला रडूच येत नव्हतं. भिंतीसारखी झाले होते मी."

पट्टीखालून पाणी आलं ते त्यांनी पदरानं टिपलं. "डॉक्टरनं रडायला मनाई केलीये," त्या म्हणाल्या, "आणि तू बरा आलायस."

खाली मुलं क्रिकेट खेळत होती. संध्याकाळचा वारा सुटला होता, तोच, मिठागरांवरचा, पण या खिडकीतून तो वेगळा लागत होता, खारट कमी. मला एकदम कळलं की अकरा दिवस मी तुझ्याबद्दल इतकं ऐकलं, पण तुला ऐकलं नव्हतं. आता ऐकलं. 'मेल्यान' म्हणताना तुझा आवाज वर कसा जायचा ते ऐकलं. मी रडलो, आजी. चांगला मोठ्यानं, नाक ओढत. काकूंनी थांबवलं नाही. त्यांनी फक्त पाण्याचा तांब्या माझ्याजवळ सरकवला, न विचारता.

मग मी डोळे पुसले, चष्मा पुसला.

"अजून काय काय म्हणाली?" मी विचारलं.

"सगळं कुठे आठवतंय आता."

"आठवेल तेवढं. पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

काकूंनी दिवा लावला, खुर्ची जवळ ओढली, पदर खोचला, आणि तुझ्या आवाजात मला पहिली शिवी घातली.